वऱ्हाडातील फटफटी आणि तिची किक : एका यांत्रिक अवयवाचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ – अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना

दळणवळणाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे प्रामुख्याने रेल्वे, महामार्ग आणि राज्य परिवहन यांच्याभोवती फिरत राहिले आहे. वऱ्हाडही त्यास अपवाद नाही. १८५३ च्या करारान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर येथील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी लोहमार्ग टाकला गेला आणि १८६७ मध्ये तो भुसावळ, अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोहोचला. हा इतिहास सर्वांस परिचित आहे. मात्र स्थानकापासून गावापर्यंतच्या आणि गावापासून शेतापर्यंतच्या शेवटच्या दोन-चार कोसांचा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही. हे अंतर प्रथम बंडीने आणि दमणीने कापले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मोठ्या प्रमाणावर मोटारसायकलने, म्हणजे लोकभाषेतील फटफटीने, कापले.

प्रस्तुत लेखात या फटफटीच्या एकाच अवयवाचा, तिच्या किकचा, विचार केला आहे. किक ही वरकरणी क्षुल्लक वस्तू होय. एक वाकवलेला पोलादी दांडा, त्याच्या एका टोकाला दाते आणि दुसऱ्या टोकाला पाय ठेवण्याचा रबरी तुकडा, एवढेच तिचे रूप. तथापि यंत्र सुरू करण्याचे सामर्थ्य कोठून येते, ते कोणाच्या शरीरात आहे आणि बिघाड झाल्यास तो कोण दुरुस्त करू शकतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या दांड्यात सापडतात. किक हे मागास तंत्रज्ञान नव्हते. वऱ्हाडची माती, वीज आणि दुरुस्तीची सोय यांच्याशी जुळलेले ते तंत्रज्ञान होते, आणि त्याच वेळी काही जणांना वाहनापासून दूर ठेवणारेही होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

व्याप्ती व पद्धती

या लेखाचा कालखंड १९५५ पासून आजपर्यंतचा आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वाहनांच्या रचनेचे तांत्रिक विश्लेषण आणि प्रदेशाची भौगोलिक वैशिष्ट्ये यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. उत्पादक कंपन्यांचा इतिहास हा स्वतंत्र विषय असल्याने तो आवश्यक तेवढाच घेतला आहे.

१. काळी माती आणि ‘डर्ट बाईक’

पाश्चात्त्य देशांत ‘डर्ट बाईक’ म्हणजे कच्च्या, मातीच्या वाटांसाठी मुद्दाम बनविलेली मोटारसायकल. तिची परंपरा खेळातून आली. इंग्लंडमधील सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे १९२४ मध्ये झालेली शर्यत ही अशा शर्यतींचा आरंभ मानली जाते. पुढे त्यांना ‘मोटोक्रॉस’ हे नाव मिळाले. १९६८ मध्ये यामाहाने डीटी-१ ही गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली, तेव्हा सामान्य ग्राहकालाही अशी गाडी सहज मिळू लागली.

वऱ्हाडात त्या काळी अशी गाडी विक्रीस आली नाही. येथे रस्ताच मातीचा असल्याने प्रत्येक मोटारसायकल आपोआप डर्ट बाईक ठरली. वऱ्हाडचे मेळघाट, पयनघाट आणि बालाघाट असे तीन नैसर्गिक विभाग मानले जातात. त्यांपैकी पूर्णेच्या खोऱ्यातील पयनघाट हा सपाट व काळ्या मातीचा प्रदेश. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती विपुल असते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात पांदणीतून गाडी नेल्यास हा गारा चाकाला चिकटतो, चाक व मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसतो आणि चाक फिरणेच थांबते. परदेशी डर्ट बाईकचे पुढील मडगार्ड चाकापासून बरेच उंच बसविलेले असते त्याचे एक कारण हेच आहे. येथे तेच काम मडगार्ड उंच करून किंवा पावसाळ्यापुरते काढून ठेवून साधता येत असे.

या भूगोलाचा किकशी थेट संबंध आहे. बंद पडलेली मोटारसायकल सुरू करण्याचा दुसरा प्रचलित मार्ग म्हणजे गाडी ढकलत नेऊन गिअर टाकणे, अर्थात धक्का-स्टार्ट. त्यासाठी उतार हवा किंवा घट्ट जमीन तरी हवी. पयनघाटात उतार नाही आणि आषाढात घट्ट जमीनही नाही. चिखलात ढकललेल्या गाडीचे मागील चाक इंजिन न फिरवता नुसते घसरत जाते. अशा वेळी चालकाजवळ स्वतःच्या पायाखेरीज दुसरे साधन उरत नाही.

२. किकचा उगम आणि भारतातील आगमन

आरंभीच्या मोटारसायकली सायकलप्रमाणे पायटे मारून किंवा शेजारून धावत ढकलून सुरू कराव्या लागत. पायाच्या एका झटक्याने इंजिन फिरविण्याची व्यवस्था इंग्लंडमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट याच्या १९०८ च्या सुमाराच्या गाड्यांवर आली आणि पुढील दोन दशकांत ती सर्वत्र रूढ झाली.

भारतात ही व्यवस्था तीन प्रमुख वाटांनी आली. पहिली वाट इंग्रजी होती. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि ३५० सी.सी. ची चार-स्ट्रोक बुलेट येथे तयार होऊ लागली. दुसरी वाट झेकोस्लोव्हाकियातून आली. आयडियल जावा या कंपनीने म्हैसूर येथे १९६१ पासून २५० सी.सी. ची दोन-स्ट्रोक जावा बनविली, आणि १९७० च्या दशकात तिचीच परंपरा ‘येझदी’ या नावाने पुढे चालली. तिसरी वाट पोलंडमधून आली. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात पोलिश एसएचएल एम-११ या गाडीच्या आधारे १७३ सी.सी. ची राजदूत बाजारात आणली.

येथे एक योगायोग लक्षणीय आहे. १९६४ मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेर याने झेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर २५० सी.सी. मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिख्स याने सीझेडवरच ५०० सी.सी. गटाचे अजिंक्यपद राखले. जावा आणि सीझेड हे एकाच देशाच्या राष्ट्रीयीकृत उद्योगातील भाईबंद होते. ज्या अभियांत्रिकी परंपरेने युरोपातील चिखलाच्या शर्यती जिंकल्या, तिचीच साधी, कुटुंबवत्सल आवृत्ती त्याच दशकात म्हैसूरहून भारतभरच्या कच्च्या रस्त्यांवर येत होती. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, संत्र्याचे व कापसाचे व्यापारी अशांच्या दैनंदिन कामासाठी ती उपयुक्त ठरणारी होती.

त्या वेळचे वऱ्हाडातील वाहतुकीचे चित्र ध्यानात घेतल्यास या गाडीचे मोल कळते. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंदमापी रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. इंजिनात वाफ धरण्यासाठी फार वेळ आधी आग पेटवावी लागे. त्याच परिसरातील फटफटी एका किकेत सुरू होत असे. आधुनिकतेचा वेग या प्रदेशात प्रथम पायाने अनुभवला गेला, असे म्हणता येईल.

३. किक मारण्याचे शास्त्र

‘किक मारणे’ या शब्दप्रयोगात जोर सूचित होत असला तरी प्रत्यक्षात ती जोराची नव्हे, वेळ साधण्याची क्रिया आहे. बुलेटचे उदाहरण पाहू. ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर धाव असलेल्या तिच्या एकाच सिलिंडरमधील दाबाविरुद्ध नुसते वजन टाकल्यास दांडा अर्ध्यावर अडतो. म्हणून जाणकार चालक प्रथम किल्ली फिरवून हळूहळू किक दाबतो आणि ॲमीटरच्या काट्याकडे पाहतो. संपर्कबिंदू उघडताच काटा मध्यावर येतो. याचा अर्थ पिस्टन दाबाच्या फेरीत माथ्याजवळ आला आहे. मग डीकॉम्प्रेसरची कळ दाबून सिलिंडरमधील दाब सोडला जातो व पिस्टन माथ्याच्या किंचित पुढे सरकविला जातो. कळ सोडून, किक वर येऊ देऊन, मग एकच पूर्ण व सलग झटका द्यावयाचा. इंजिनाला जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळीक मिळते, जड चक्र गती घेते आणि पुढील दाब ते स्वतःच्या वेगाने पार करते.

हा क्रम चुकल्यास किंवा ठिणगीची वेळ फार पुढे असल्यास पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होतो आणि इंजिन उलट फिरते. यालाच गाडीने ‘उलटी किक मारणे’ म्हणतात. घोटा व गुडघा यांना यामुळे गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच बोटांनी नव्हे तर तळव्याच्या मध्यभागाने किक दाबावी, गुडघा ताठ ठेवू नये आणि झटका अर्ध्यावर सोडू नये, ही पथ्ये जुने चालक पाळत. दोन-स्ट्रोक गाडीला डीकॉम्प्रेसर लागत नाही. तिचे दाबाचे मान सौम्य असते. तेथे खरे कौशल्य पेट्रोलच्या मात्रेत असते. थंडीत चोक किंवा टिकलर वापरून इंधन वाढवावयाचे, आणि गाडी गरम असताना तेच केल्यास प्लग भिजून किक वाया जाते.

अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शरीरशिक्षणाची नामांकित संस्था कार्यरत आहे. किक मारणे हेही शरीराचेच शिक्षण. मात्र ते कोणत्याही आखाड्यात किंवा अभ्यासक्रमात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आणि मिस्त्रीकडून गिऱ्हाइकाकडे गेले, आणि म्हणूनच त्याची लेखी नोंद झाली नाही.

४. किकच्या दांड्याची निवड

दांडा झिजला किंवा वाकला म्हणजे नवा निवडावा लागतो. मूळ गाडीचे उत्पादन थांबल्यावर हा प्रश्न अधिक बिकट होतो. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि त्यानंतर जुन्या साठ्यातील, भंगारातील किंवा नक्कल केलेले सुटे भाग यांवरच भिस्त राहिली. जावा-येझदीची अडचण विशेष होती, कारण तिच्यात गिअर टाकण्याचा आणि किक मारण्याचा दांडा एकच असतो. तो आत दाबून वर फिरविला की गिअरचा दांडा किक बनतो. ही रचना सुबक आहे. परंतु दुसऱ्या गाडीचा दांडा तिला बसत नाही.

निवडीचा पहिला निकष म्हणजे दाते. दांड्याच्या भोकातील दाते आणि शाफ्टवरील दाते यांची संख्या व व्यास तंतोतंत जुळले पाहिजेत. ‘जवळपास बसणारा’ दांडा थोड्याच दिवसांत दाते खातो. दुसरा निकष धातूचा. दांड्याचा धातू शाफ्टपेक्षा किंचित मऊ असणे हिताचे असते. झीज व्हायचीच असेल तर ती दांड्याची व्हावी, कारण दांडा बाहेरून बदलता येतो, शाफ्ट बदलण्यासाठी इंजिन उघडावे लागते.

तिसरा निकष लांबीचा, आणि येथे सर्वसामान्य समजूत फसवी आहे. दांडा जितका लांब तितकी किक हलकी, हे खरे आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने २० सेंटिमीटरच्या दांड्यावर संपूर्ण भार टाकल्यास सुमारे ११८ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण मिळते. २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर ते सुमारे १४७ होते. पण ७० अंशांच्या फेरीसाठी पहिल्या दांड्यावर पाऊल सुमारे २४ सेंटिमीटर आणि दुसऱ्यावर सुमारे ३० सेंटिमीटर जावे लागते. पावलाचा वेग तोच राहिला तर इंजिनाचा वेग एक पंचमांशाने घटतो. मॅग्नेटोची ठिणगी तर वेगावरच अवलंबून असते. परिणामी लांब दांड्याने इंजिन सहज फिरते, पण सुरू होईलच असे नाही. हलक्या दोन-स्ट्रोक गाडीला आखूड व चपळ दांडा, तर जड चार-स्ट्रोक गाडीला लांब दांडा योग्य, या निवडीमागे हाच हिशेब आहे.

चौथा निकष वळणाचा. दांडा सायलेन्सर, पायदान आणि चालकाची पोटरी यांना न लागता पूर्ण फिरला पाहिजे आणि घडी घातल्यावर गाडीला चिकटून राहिला पाहिजे. पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून जाताना बाहेर डोकावणारा दांडा झाडांत अडकतो व चाकोरीच्या काठाला घासतो. बसविताना तो कोणत्या दात्यावर बसवावा हेही महत्त्वाचे. शाफ्टवर ३० दाते असतील तर एका दात्याने दांडा १२ अंश सरकतो. तो फार खाली बसविला तर पायदानावर आपटून झटका अपुरा राहतो, फार वर बसविला तर गुडघा अवघडतो.

दाते झिजले की खेड्यातील तात्पुरता उपाय म्हणजे फटीत पत्र्याची पट्टी सारून बोल्ट आवळणे. दुसरा उपाय दांडा शाफ्टला वेल्डिंगने जोडून टाकण्याचा. तो भक्कम असतो, परंतु पुढे बाजूचे झाकण काढावयाची वेळ आली की तोच जोड कापावा लागतो. आजची नड भागविताना उद्याची दुरुस्ती महाग करणारा हा उपाय गरीब गाडीमालकाला का स्वीकारावा लागला, हे सुट्या भागांच्या उपलब्धतेच्या इतिहासाशिवाय कळत नाही.

५. किक कोणासाठी होती?

किकचा गौरव करताना तिची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. वरील हिशेबात ६० किलो वजन गृहीत धरले आहे. ४५ किलो वजनाच्या व्यक्तीला त्याच २० सेंटिमीटरच्या दांड्यावर सुमारे ८८ न्यूटन-मीटर इतकेच आघूर्ण मिळते. शिवाय उंच आसनावरून पाय पूर्ण खाली नेणे, आणि तेही नऊवारी किंवा पाचवारी साडीत, जवळजवळ अशक्य होते. दांड्याची लांबी ठरविताना प्रौढ पुरुषाचे शरीर हेच प्रमाण मानले गेले होते. स्त्रियांनी मोटारसायकल चालवू नये असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. तो काही अंशी या दांड्यात घडविलेला होता.

याच पार्श्वभूमीवर फिरोदिया उद्योगसमूहाची १९७२ ची लुना आणि १९८४ ची कायनेटिक होंडा या गाड्यांचे महत्त्व आहे. लुना पायट्यांनी सुरू होत असे, तर कायनेटिक होंडा बटणाने. अध्यापिका, परिचारिका आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांच्या हाती वाहन येण्याचा इतिहास किक टाळण्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. तथापि बटणाचे सुख रस्त्यावर व विजेवर अवलंबून होते. शिसे-आम्ल बॅटरीला देखभाल हवी, ती उतरली तर पुन्हा भारित करण्याची सोय हवी. २००० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. त्या परिस्थितीत १९८५ च्या यामाहा आरएक्स-१०० सारखी, बॅटरीविनाही ठिणगी देणारी व किकने सुरू होणारी गाडी खेड्यात अधिक भरवशाची ठरणे स्वाभाविक होते.

६. किकची पीछेहाट

एकविसाव्या शतकात हे चित्र पालटले. २००९ च्या रॉयल एनफिल्ड क्लासिकवर बटण आणि किक दोन्ही होते. २०२१ च्या नव्या क्लासिकवरून आणि २०२३ च्या नव्या बुलेटवरून किक काढून टाकण्यात आली. २०१८ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या जावालाही किक नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांमुळे इंधन-अंतःक्षेपण प्रणाली जवळजवळ सार्वत्रिक झाली. तिच्या पंपाला वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरल्यास किक असूनही फारसा उपयोग होत नाही. काही प्रवासी गाड्यांवर किक आजही दिसते, पण तिचे मूळ प्रयोजन क्षीण झाले आहे.

रस्तेही बदलले. जून २०२२ मध्ये अमरावती व अकोला जिल्ह्यांदरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी शासनाला शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना जाहीर करावी लागली होती, ही बाब तितकीच बोलकी आहे. महामार्ग विक्रमी वेगाने झाला तरी त्यापासून शेतापर्यंतचे दोन-चार कोस अद्याप इतिहासजमा झालेले नाहीत.

निष्कर्ष

१. वऱ्हाडात किक टिकून राहिली ती केवळ गरिबीमुळे किंवा परंपराप्रियतेमुळे नव्हे. सपाट काळी माती, अनिश्चित वीज आणि गावपातळीवरील दुरुस्ती या तीन परिस्थितींना ते सुसंगत उत्तर होते.

२. हे उत्तर सर्वांसाठी समान नव्हते. दांड्याच्या रचनेत पुरुषी शरीर गृहीत धरल्याने स्त्रिया व दुर्बल शरीराच्या व्यक्ती वाहनस्वातंत्र्यापासून दीर्घकाळ दूर राहिल्या. म्हणून किकच्या अस्ताची नोंद केवळ खेदाने करणे योग्य होणार नाही.

३. किक मारण्याचे व दांडा निवडण्याचे ज्ञान हे मोजमाप, धातुविद्या आणि शरीरक्रिया यांचा मेळ असलेले खरेखुरे तांत्रिक ज्ञान आहे. ते मिस्त्रींच्या हातात आहे, कागदावर नाही. बुलेट, राजदूत आणि येझदीवर हात बसलेली पिढी आता वृद्ध झाली आहे.

१९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने या प्रदेशाच्या मातीचा अभ्यास केला. त्या मातीवरून चालणाऱ्या यंत्रांच्या इतिहासाचा अभ्यास मात्र इतिहास, समाजशास्त्र व अभियांत्रिकी यांच्या सीमेवर बेवारस राहिला आहे. अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी तालुक्याच्या गावांतील जुन्या दुरुस्ती-केंद्रांच्या मौखिक इतिहासाचे प्रकल्प विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास ही उणीव भरून निघू शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ध्वनिमुद्रणाची सोय, मोजपट्टी आणि मिस्त्रीजवळ बसण्याइतका वेळ एवढ्यावर हे काम सुरू करता येईल. विलंब मात्र परवडणारा नाही.